ऊन आहे, म्हणून मुरघास नको?

महाशिवरात्रीला घृष्णेश्वराच्या दर्शनाला आलेल्या माणसाला वेरूळचा डोंगर पिवळा, करपलेला दिसतो. श्रावणी सोमवारी आलेल्याला तोच डोंगर हिरवागार दिसतो. एकोणतिसाव्या लेण्याशी येळगंगेचा धबधबा कोसळत असतो आणि लेण्यांच्या माथ्यावर गवत गुडघाभर उंच असतं. लेणी पाहायला येणारा डोंगर एकदा पाहतो आणि निघून जातो. ज्याच्या दावणीला जनावर आहे त्याला मात्र हिरवा डोंगर आणि पिवळा डोंगर यांच्यामधले महिने काढायचे असतात. मुरघासाचा वाद या मधल्या महिन्यांचा आहे, पण तो भलत्याच मुद्द्यावर घातला जातो.

आधी पूर्वपक्ष नीट मांडतो, कारण तो अडाण्यांचा नाही. शेतीत आयुष्य घालवलेली, वाचणारी, हिशेब ठेवणारी माणसं तो मांडतात. त्यांचं म्हणणं असं : मुरघास ही ढगाळ मुलखाची गरज आहे. आयर्लंड-स्कॉटलंडात गवत कापलं की ते वाळेपर्यंत पुन्हा पाऊस येतो, म्हणून ते लोक गवत ओलंच दाबून, हवाबंद करून ठेवतात. आपल्याकडे वर्षातले आठ महिने ऊन आहे. वाळवा, पेंढ्या बांधा, गंज रचा, पावसाळ्याआधी शाकारून घ्या. आजोबा-पणजोबांनी हेच केलं आणि त्यांची जनावरं जगली. मग यंत्र, प्लास्टिक आणि वर मजुरी हवी कशाला? आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने हे सगळं एका वाक्यात सांगितलं होतं : "ऊन फुकट हाय, अन् पन्नी इकत घ्यायची व्हय?"

हा आक्षेप मी बरीच वर्षं ऐकतो आहे. काही काळ तो मलाही पटत होता. पण तो एका गृहीतावर उभा आहे, आणि ते गृहीत चुकीचं आहे. आपल्याकडे ऊन भरपूर आहे हे खरं, पण गवत चांगलं असतं तेव्हा ते नसतं.

वेरूळ-म्हैसमाळच्या डोंगरावर पवना, शेडा, मारवेल, कुसळी ही गवतं आहेत. दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी 1973 साली 'द ग्रास कव्हर ऑफ इंडिया' या ग्रंथात देशाच्या गवताळ पट्ट्यांची वर्गवारी केली. दख्खनचं पठार त्यांनी ज्या पट्ट्यात घातलं, त्याचं नाव शेडा आणि मारवेल या दोन गवतांच्या शास्त्रीय नावांवरूनच ठेवलं आहे. म्हणजे आपलं गवत हलकं नाही, देशाच्या गवतनकाशावर त्याला मान आहे. पण ही गवतं भाद्रपदात फुलोऱ्यावर येतात. तेव्हा त्यांच्या पानात रस असतो आणि प्रथिनं असतात. तेव्हाच आभाळ भरलेलं असतं, सकाळी दव आणि दुपारी सर. त्या दिवसांत कापलेलं गवत पसरून ठेवलं तर चौथ्या दिवशी ते खालून काळं पडतं. म्हणून लोक थांबतात. दिवाळी उलटते, ऊन कडक होतं, गवत उभ्या उभ्या वाळतं आणि मग विळे निघतात. तोवर बी गळून गेलेलं असतं, काडी लाकडासारखी झालेली असते आणि प्रथिनं निम्म्यावर आलेली असतात. कुसळीची कुसळं तर जनावराच्या हिरड्यांत आणि कातडीत रुततात. आपण गवत वाळवतो असं म्हणतो, पण बहुतेक वेळा ते आधीच मेलेलं असतं आणि आपण ते फक्त गोळा करतो.

शेतातल्या चाऱ्याचंही तेच. आपला जिल्हा आता मक्याचा जिल्हा आहे. सिल्लोड, कन्नड, फुलंब्री, खुलताबाद, कुठेही जा, खरिपात मका आणि कापूस. दाण्यासाठी ठेवलेला मका ऑक्टोबरात काढणीला येतो, आणि त्याच महिन्यात परतीचा पाऊस येतो. शेतात आडवं पडलेलं मक्याचं सरमाड दोन दिवस भिजलं की त्याला बुरशी धरते. ते खायला घातलं तर जनावर तोंड फिरवतं, आणि भुकेपोटी खाल्लं तर दूध उतरतं. ज्या उन्हाच्या भरवशावर वाद घातला जातो, ते नेमकं त्या पंधरवड्यात हजर नसतं.

पूर्वपक्षाची पुढची पायरी अशी : मान्य, पण कडबा आहे ना! रब्बीच्या मालदांडी ज्वारीचा कडबा फेब्रुवारीत निघतो, भर उन्हात वाळतो, त्याला कोणत्या मुरघासाची सर येणार? हे मी पूर्ण मान्य करतो. चांगला वाळलेला, पिवळसर हिरवट, पानं शाबूत असलेला मालदांडीचा कडबा हे मराठवाड्याचं वैभव आहे. कामाच्या बैलाला आणि भाकड जनावराला तोच पुरेसा आहे. देवणी आणि लाल कंधारी या आपल्या जाती अशा कोरड्या वैरणीवर पिढ्यान् पिढ्या उभ्या राहिल्या आहेत. बैलाला मुरघास घाला असं सांगणाऱ्याशी माझं जमणार नाही. पण प्रश्न कडबा चांगला की वाईट हा नाही. कडबा आहे कुठे, हा प्रश्न आहे. ज्वारीची रानं कापसाने, सोयाबीनने आणि मक्याने घेतली. पऱ्हाटी चुलीत जाते आणि सोयाबीनचं भुसकट जनावर नाइलाजाने खातं. आजोबांची रीत सांगताना आजोबांचं पीक मात्र आपण सोडून दिलं. उरलेला कडबा विकत घ्यायला निघालात की त्याचा भाव ऐकून माणूस परत फिरतो.

ढगाळ मुलखाच्या मुद्द्याबद्दल इतिहास काय सांगतो, तेही पाहावं. मुरघासावरचा पहिला मोठा ग्रंथ 1877 साली ऑग्युस्त गोफार या फ्रेंच शेतकऱ्याने लिहिला, आणि तो मक्याच्या मुरघासाबद्दल आहे. फिनलंडच्या विर्तानेन यांना 1945 साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात ओला चारा आम्ल करून टिकवण्याच्या त्यांच्या पद्धतीचा मोठा वाटा होता. तो मुलूख थंड आणि ढगाळ, हे खरं. पण कॅलिफोर्नियाचं सॅन वाकीन खोरं पाहा. तिथे उन्हाळाभर पाऊस जवळजवळ पडतच नाही, ऊन आपल्यापेक्षा कमी नाही, आणि तरीही तिथल्या दूधगोठ्यांबाहेर मक्याच्या मुरघासाचे डोंगर उभे असतात. ऑस्ट्रेलियात दुष्काळाची तजवीज म्हणून मुरघास खड्ड्यात पुरून वर्षानुवर्षं राखून ठेवतात. पावसाची भीती हे मुरघास करण्याचं एक कारण आहे, एकमेव नव्हे. पीक ज्या दिवशी सर्वांत सकस असतं त्या दिवशी ते थांबवून ठेवता येतं, हे मुख्य कारण, आणि ते ऊन-पाऊस दोन्ही मुलखांना सारखंच लागू आहे.

"सडका चारा" या आक्षेपाला फार वेळ देत नाही, कारण आपल्या भाषेनेच त्याचं उत्तर देऊन ठेवलं आहे. सडणं, कुजणं, नासणं, आंबणं, मुरणं हे पाच शब्द मराठीने उगाच वेगळे ठेवलेले नाहीत. हवा लागली की चारा कुजतो. हवा काढून घेतली की चाऱ्यातल्या साखरेवर जिवाणू दुग्धाम्ल तयार करतात, सामू चारच्या आसपास किंवा त्याखाली उतरतो, आणि तिथे कुजवणाऱ्यांचा कारभार बंद पडतो. त्याला आपण मुरणं म्हणतो, आणि ज्याने 'मुरघास' हा शब्द केला त्याला हे कळत होतं. हे परकं तंत्र आहे असं म्हणणाऱ्यांना आणखी एक सांगतो. 'सायलेज' हा शब्द ज्या 'सिलो'वरून आला, तो स्पॅनिश शब्द कोशकार मागे ग्रीकपर्यंत नेतात, आणि तिथे त्याचा अर्थ धान्य साठवायचं जमिनीतलं भुयार. म्हणजे आपलं पेव! मराठवाड्यात ज्वारी पेवात ठेवत, सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती. पेव उघडल्यावर आधी त्यात कंदील सोडायचा, तो विझला तर आत उतरायचं नाही, हे प्रत्येक जाणत्याला ठाऊक होतं. हवा नसलेल्या जागेत धान्य टिकतं आणि माणूस गुदमरतो, ही समज इथलीच आहे. पूर्वजांनी मुरघास केला होता असा दावा मी करणार नाही, त्यांनी पेवात दाणा ठेवला, हिरवा चारा नाही. पण ज्या तत्त्वावर हे उभं आहे ते आपल्याला नवीन नाही.

आता गाठीकडे, म्हणजे यंत्राने घट्ट बांधून प्लास्टिकात गुंडाळलेल्या मुरघासाकडे येतो, कारण खरा विरोध तिलाच आहे. मुरघास मान्य असलेले लोकही म्हणतात, करायचाच तर खड्ड्यात करा. गाठी बांधून घेणं आणि गाठी विकत आणणं हे पैसेवाल्याचं काम, गरिबाने खड्डा खणावा. ऐकायला हे गरिबाच्या बाजूचं वाटतं. हिशेब केला की उलटं निघतं.

समजा, दोन गायींच्या माणसाने 6 फूट रुंद आणि 5 फूट खोल खड्डा घेतला. त्याचं उघडं तोंड 30 चौरस फुटांचं. चांगला दाबलेला मुरघास घनफुटाला साधारण 17 किलो भरतो. दोन गायींना रोज 40 किलो घातला तर रोज अडीच घनफूटही निघत नाही. म्हणजे ते तोंड दिवसाला एक इंचही आत सरकत नाही. आपल्या उन्हाळ्यात उघड्या तोंडात हवा शिरते, मुरघास तापतो, बुरशी धरते, आणि त्याच्या पुढे राहायचं तर रोज किमान अर्धा फूट तरी काढावा लागतो. अर्धा फूट म्हणजे 15 घनफूट, म्हणजे अडीचशे किलो. बारा-तेरा गायी असतील तेव्हा हा खड्डा परवडतो. दोन गायीवाला त्याच खड्ड्यातून महिनाभर बुरशी काढत बसतो आणि शेवटी म्हणतो, मुरघास सडतोच. सडला कारण माप चुकलं.

गाठीचं माप मात्र त्याच्याच दावणीचं असतं. आपल्याकडे फिरणाऱ्या लहान बेलरची, म्हणजे गाठी बांधणाऱ्या यंत्राची, गोल गाठ उंचीला आणि जाडीला जेमतेम पावणेदोन-दोन फूट असते आणि वजन 60 किलोच्या आगेमागे. दोन गायींना ती दीड दिवसात संपते. बाकीच्या गाठी तोवर मिटलेल्याच राहतात. मोठ्या गोठेवाल्याने खड्डा किंवा बंकर करावा, त्याला तोच स्वस्त. गाठ लहान माणसासाठी आहे, आणि तिला श्रीमंतांचा थाट म्हणणं हा या वादातला सर्वांत मोठा अन्याय आहे.

गाठ बांधून देणारा हाही समजून घेण्यासारखा माणूस आहे. गेल्या भाद्रपदात कसाबखेड्याच्या रस्त्याला एका रानात त्याचं काम चाललेलं मी पाहत उभा होतो. एका बाजूला मका कापून टाकत होते, दुसरीकडे कुट्टी पडत होती, कापलेल्या मक्याचा गोडसर वास रस्त्यापर्यंत येत होता. बेलरच्या पोटात कुट्टी गोल फिरून घट्ट होते, तिच्यावर जाळी बसते, दार उघडतं आणि गाठ बदकन् पडते. मग ती फिरत्या पाटावर चढते आणि प्लास्टिकचे चार ते सहा थर तिच्यावर ताणून बसतात. पाच जणांचं टोळकं, एक ट्रॅक्टर, आणि सगळ्यांचं लक्ष आभाळाकडे. यंत्राच्या मालकाने कुट्टीची मूठ आवळली, थोडा वेळ धरली आणि सोडली. गोळा हळूहळू उमलला, हाताला ओल लागली पण पाणी गळलं नाही. "जमलं," एवढंच तो बोलला. पाणी गळलं असतं तर पीक कोवळं, मूठ सोडताच कुट्टी विस्कटली असती तर पीक जून. हा माणूस स्वतःची शेती पाहून गावोगाव दुसऱ्यांच्या रानात गाठी बांधतो. सुतार-लोहार जसे गावाची अवजारं करून देत, तसं हे काम आहे. प्रत्येकाने यंत्र घ्यायचं नसतं.

विकत घेणाऱ्याचा एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो : "गाठीच्या नावाखाली पाणीच विकतात." बरोबर आहे. चांगल्या मक्याच्या मुरघासात शेकडा 65 ते 70 भाग पाणी असतं, कडब्यात दहाच्या आसपास. म्हणून किलोच्या भावाची तुलना करणं फसवं आहे. 100 किलो मुरघासात 33 किलो सुका चारा धरला, तर तेवढाच सुका चारा 37 किलो कडब्यात मिळतो. कडब्याचा भाव किलोला 10 रुपये असेल, तर नुसत्या सुक्या वजनावर मुरघासाची किंमत पावणेचार रुपयांच्या आत बसते. त्यावर जे द्यायचं ते त्यातल्या दाण्यासाठी, जास्तीच्या प्रथिनांसाठी आणि वाया न जाणाऱ्या बुडख्यांसाठी. हा हिशेब दुभत्या गायीला जमतो, भाकडीला जमत नाही. गाठ घेताना 100 ग्रॅम मुरघास कडक वाळवून तोला, 30 ग्रॅमपेक्षा बराच कमी भरला तर विकणाऱ्याला प्रश्न विचारा. पण त्या पाण्याचीही एक बाजू आहे. 20 किलो मुरघासाबरोबर गायीच्या पोटात 13 लिटर पाणी जातं. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहणाऱ्या माणसाला हे 13 लिटर क्षुल्लक नाहीत.

माझा स्वतःचा एक अनुभवही सांगतो, नाहीतर मी फक्त एका बाजूने बोलतो आहे असं वाटेल. एका विक्रेत्याकडून घेतलेल्या गाठींतला मका फार जून झालेला होता. आठ दिवसांनी शेणात अख्खे दाणे दिसायला लागले, पिवळे, टणक, जसेच्या तसे. पैसे दाण्याचे दिले आणि दाणा उकिरड्यावर गेला. त्याच खेपेतल्या दोन गाठींना उंदरांनी भोकं पाडली होती आणि त्या भोकांभोवती पांढरी बुरशी तळहाताएवढी पसरली होती. तेवढा भाग काढून उरलेला घालावा असा मोह होतो, तो टाळायचा, गाभण गायीच्या बाबतीत तर नक्कीच. यात मुरघासाचा दोष नाही, कापणीची वेळ आणि साठवण चुकल्याचा आहे. कणीस मधोमध मोडून पाहायचं. दाण्यावर कठीण पिवळा भाग आणि चिकाचा पांढरा भाग यांच्यामधली रेघ अर्ध्यावर आली, तो कापणीचा दिवस. त्यानंतर आठवडाभर उशीर झाला तर दाणा दाताने चिरडत नाही.

डोंगरी गवताच्या गाठींबद्दलही खोटी आशा दाखवायची नाही. आपल्या गवतात साखर कमी आणि काडी जाड, पोकळ. ते नुसतं दाबलं तर आत हवा राहते आणि आम्ल पुरेसं तयार होत नाही. कापून काही तास सुकवणं, बारीक कुट्टी करणं, शंभर किलोला 2 ते 3 किलो गूळ किंवा मळी घालणं, किंवा मक्याच्या कुट्टीत मिसळणं, यातलं काही केल्याशिवाय गवताची गाठ बांधू नये. प्लास्टिकचा प्रश्नही खरा आहे. फाडलेली पन्नी गोठ्यात पडली की ती गायीच्याच पोटात जाते. ती मोजून गोळा करून परत देण्याची अट गाठ घेताना घालावी. आणि मका मुळासकट नव्हे तरी बुडापासून कापून गाठीत गावाबाहेर गेला, तर रानातलं पालाशही गेलं. जो वर्षानुवर्षं गाठी विकेल, त्याने शेणखत रानात परत आणलंच पाहिजे. या तीन बाबतींत पूर्वपक्ष माझ्या पुढे आहे.

पण ज्या मुद्द्यावर हा वाद शेवटी ठरतो, तो अजून राहिला आहे. लोक मुरघास आणि कडबा यांना एकमेकांचे शत्रू समजतात. पेरणीचं पंचांग उघडून पाहा. दाण्याचा मका ऑक्टोबर अर्धा उलटल्यावर रान मोकळं करतो, कणसं मोडणं आणि ताटं काढणं यात आणखी दिवस जातात. तोवर काळ्या रानातली ओल उडालेली असते. मुरघासाचा मका 75 ते 85 दिवसांत, म्हणजे सप्टेंबरातच निघतो. रान मोकळं, ओल शाबूत, आणि रब्बी ज्वारीच्या पेरणीचा काळ नेमका 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर. ज्यांना कडबा हवा आहे, ज्यांना आजोबांची गंज पुन्हा अंगणात उभी राहावी असं वाटतं, त्यांच्यासाठी मालदांडीचं रान वेळेवर मोकळं करून देणारा मार्ग याच गाठींतून जातो. एकाच रानात भाद्रपदात मुरघास आणि फेब्रुवारीत कडबा. पहिला ढगात करायचा, दुसरा उन्हात वाळवायचा.

म्हणून उन्हाचा दाखला देणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे. यंदा सगळं रान नको, एकच एकर घ्या. दाण्यावरची रेघ अर्ध्यावर आली की यंत्रवाल्याला सांगावा धाडा, गाठी सावलीत, उंदरांपासून उंचावर रचा, आणि आठ दिवसांत त्या एकरात मालदांडी पेरा. मग पुढच्या शिवरात्रीला डोंगर पिवळा झालेला असेल तेव्हा एक गाठ उघडा आणि त्याच एकरातला कडबाही मोजा.